गोश्ताला धुरी देताना

माझ्या भावाचा नातू कतारला असतो. मध्यंतरी त्याने पत्र्याचं एक उभं कपाट विकत घेतलं, आत जाळ्या, खाली लाकडाचा भुसा टाकायला खण, वर धुराला वाट. व्हिडिओ कॉल लावून त्याने मला ते चहूबाजूंनी दाखवलं. म्हणाला, "दादी, मी मीट स्मोक करायला शिकतोय. तू सांग, कुठून सुरुवात करू?" पोराने म्हणे वीस-पंचवीस व्हिडिओ बघितले होते, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो, म्हणून शेवटी घरची म्हातारी आठवली. मी त्याला सांगितलं, चरबी काढ, हाड ठेवू नकोस, मिठाला हात आखडू नकोस, पहिली रात्र नुसतं पाणी गळू दे आणि मग धूर दे. जाळ नको, धूर हवा, तोही पांढरा. काळा निघाला की समज तुझी मेहनत गेली. तो सगळं लिहून घेत होता. मग विचारलं, "तू किती वेळा केलंयस, दादी?" मी म्हटलं, "एकदाच." त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. हसला आणि फोन ठेवला. मी मात्र तशीच बसून राहिले, सूनबाईने जेवायला हाक मारली तरी उठले नाही.

तेव्हा आमचं घर म्हणजे पुढे तीन खोल्या, मध्ये अंगण आणि मागे अब्बांचा कारखाना. कापड विणायचे सहा लूम होते. बाहेरच्या माणसाला आमच्या घरात बोललेलं ऐकू यायचं नाही, आम्हाला मात्र आवाज आहे हेच कळायचं नाही. लाईट गेली की सहाही लूम एकदम थांबायचे आणि मग सगळे दचकून इकडेतिकडे बघायचे, कारण तेवढ्यात कुणीतरी कुणाच्या चहाड्या वरच्या पट्टीत सांगत असायचं आणि त्या अख्ख्या गल्लीला ऐकू जायच्या. मी अजून फोनवर ओरडून बोलते. शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, वर्गात कधी छडी लागली नाही, आवाजावरच भागलं. ती त्या लूमची कृपा. दुसरी गोष्ट म्हणजे तेलाचा वास. लूमला घालायचं तेल, ते पुसलेली सुताची काळी गुंतवळ, तिला आम्ही सगळे वेस्ट म्हणायचो. भिवंडीत तेव्हा चूल पेटवायची म्हणजे वेस्टचा बोळा घ्यायचा, काडी लावायची, की भडका. बंब त्यावर, भट्ट्या त्यावर, थंडीत कारीगर शेकत बसायचे तेही त्यावरच. रॉकेल कोण वाया घालवणार? त्यामुळे वेस्टला हात घालताना आपण काही करतोय असं कुणाला वाटायचंच नाही.

फक्त वर्षातले तीन दिवस वेस्टला अंगणात यायची बंदी असायची. बकरी ईदनंतरचे तीन दिवस. ईदच्या सकाळी कलेजी आणि घावणे, दुपारी आखणीचा भात, संध्याकाळी वाटे. एक वाटा गरिबांचा, एक नातलगांचा, एक घरचा. घरच्या वाट्यातलं चांगलं मांडीचं गोश्त आई बाजूला काढायची आणि त्याच्या वीतभर लांब पट्ट्या कापून मीठ-हळद लावून ठेवायची. न्हाणीमागे एक जुनी चूल होती, तिच्यावर छताला तारा बांधलेल्या. त्या तारांवर पट्ट्या टांगायच्या आणि खाली चिंचेचं लाकूड, नारळाची सोडणं, वरून भाताचा कोंडा, असा जाळ दाबून दाबून तीन दिवस धूर करायचा. चौथ्या दिवशी ते गोश्त लाकडासारखं व्हायचं. भाजून ठेचून लसणीबरोबर खाल्लं तर एका पट्टीवर दोन भाकऱ्या जायच्या. हे सगळं व्हायचं माझ्या मोठ्या भावासाठी. तो जहाजावर होता. जहाजावर काय शिजतं, कशात शिजतं याचा त्याला भरवसा नसायचा, मग डाळ-भात आणि ही पट्टी, यावर तो महिनेच्या महिने काढायचा. घरातून निघताना त्याच्या पेटीत कपडे कमी आणि हा डबा मोठा असायचा.

त्या वर्षी आईचा पाय मोडला. ईदला आठ दिवस असताना गच्चीच्या पायरीवरून घसरली, मांडीपर्यंत प्लास्टर. भाऊ ईदनंतर पाचव्या दिवशी निघणार होता. अब्बा म्हणाले, यंदा राहू दे, सुके सोडे नि जवळा देऊ. आई म्हणाली, "पाय मोडलाय, जीभ न्हाय मोडली. शरीफा करेल, मी सांगेन." मी पंधरा वर्षांची होते, नववीत. मला घावणं नीट उलटता येत नव्हतं. तेव्हा आईनेच ठरवलं की चंद्राला सोबत घ्यायचं.

चंद्रामावशी आमच्या कारखान्यात कांडी भरायची. लूमच्या धोट्यात बसते ती सुताची कांडी, ती भरायचं एक मशीन असतं, त्यावर ती दिवसभर बसलेली असे. भिवंडीजवळच्या अंजूर गावची. बौद्धवाड्यातली. नवरा वारला होता, एक मुलगी, मंदा. सकाळी चालत यायची, संध्याकाळी चालत जायची, आणि एवढं चालूनही आल्या आल्या आईच्या स्वयंपाकघरात डोकावून "भाबी, काय शिजतंय?" असं विचारल्याशिवाय मशीनवर बसायची नाही. आईचं आणि तिचं जमायचं. दोघी सारख्याच तोंडाळ. तिला गोश्त सुकवायचं माहीत होतं. म्हणाली, "आमच्यात त्याला चान्या म्हनतात. आमी उन्हात घालतो, पन माझी आई पावसाची चुलीवर टांगायची. मना सगला येतो." अब्बांनी मान डोलावली. माझी फुफी, म्हणजे अब्बांची मोठी बहीण, ईदला कशेळीहून आली होती, तिला मात्र हे पटलं नव्हतं. कुर्बानीच्या गोश्ताला बाहेरच्या बाईचा हात कशाला, असं तिचं म्हणणं. अब्बा तिला म्हणाले, "आपा, हात धुतलेला असला म्हणजे झालं." फुफीने तोंड फिरवलं, पण विसरली नाही.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडतं. कारखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली होती, तिच्यात लूमच्या मोडक्या बीम आणि पेट्या पडलेल्या असत. अब्बांनी चंद्रामावशीला शब्द दिला होता की ईद झाली की खोली रिकामी करून देतो, मायलेकी इथेच येऊन राहा. मंदा गावातल्या शाळेत सातवी पास झाली होती आणि पुढची शाळा भिवंडीत. तेव्हा अंजूरहून आजच्यासारख्या रिक्षा नव्हत्या, एकटी मुलगी रोज येणार कशी? खोली मिळाली तरच शाळा, नाहीतर पुढच्या शिक्षणावर पाणी. मंदा एकदा खोली बघायला आली होती. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. खिडकीपाशी उभी राहून मला म्हणाली, "हितं बसून वाचला तर दिवा लावाय नको." मी तिला माझी आठवीची पुस्तकं द्यायचं कबूल केलं होतं. चंद्रामावशीने तर ईदच्या आधीच खोलीतली जळमटं काढून भिंतीला चुना लावला होता, कुणी सांगितलेलं नसताना.

ईदच्या संध्याकाळी कापायला बसलो. मी आणि मावशी अंगणात, आई आत खाटेवर, दार उघडं. खाटेवरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. आई ओरडायची, "उभं काप, आडवं न्हाय, तुकडे पडतील." मावशी ओरडायची, "उभाच कापते, भाबी, तुमी पडा." आई म्हणायची नुसतं मीठ-हळद, मावशी म्हणायची लसूण ठेचून लावली की माशी बसत नाही. आई म्हणाली, "लसणीनं चव जाते." मावशी म्हणाली, "मंग अर्ध्याला लावते, अर्ध्याला न्हाय. लेकाला इचारा कोनचा आवडला." असं भांडून भांडून शेवटी सगळ्यालाच लसूण लागली. माझी बोटं मिठाने चरचरत होती. मी दोनदा पट्टी जाड कापली तेव्हा मावशीने ती माझ्या हातातून घेतली, आडवी धरली, चिरून दोन केल्या आणि म्हणाली, "जाड ठेवशील तं वरून सुकल, आतून कुजल. वरून बरा दिसतो तोच पयला सडतो, पोरी." हे तिने गोश्ताबद्दल सांगितलं होतं. मी मात्र नंतर ते किती वेळा माझ्याबद्दल ऐकलं, ते मलाच ठाऊक.

रात्रभर पट्ट्या तारेवर गळत राहिल्या. सकाळी मावशी नेहमीपेक्षा तासभर आधी आली आणि चूल लावली. वाळल्या झावळीने पेटवली, वेस्ट नाही. चिंचेची दोन लाकडं चांगली लाल होऊ दिली, मग सोडणं ठेवली आणि वर मूठभर कोंडा पसरला. धूर वर गेला आणि पट्ट्यांमध्ये शिरला. तिने मला खाली वाकून वरती बघायला लावलं. "बग, पांडरा हाय. आसाच पायजे. जाळ वर आला की कोंडा टाक. धूर मेला की फुंकनी घाल, पन सबुरीनं. हितून हलायचा न्हाय." मग ती कांडीवर गेली. दिवसभर मधूनमधून येऊन बघायची, बोटाने पट्टी दाबायची, पुन्हा जायची. आईला तर वासावरून कळायचं. खाटेवरून ओरडायची, "शरीफा, कोंडा जळला, ओला टाक!" आणि खरोखर कोंडा जळलेला असायचा. पहिल्या दिवशी मला मजा आली. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, केसांना धुराचा वास, नाक वाहतंय, जेवण तिथेच पाटावर बसून. पण पट्ट्या आकसत होत्या, रंग चढत होता, आणि संध्याकाळी भाऊ येऊन एक पट्टी खालून हुंगून म्हणाला, "आईसारखाच वास येतो." मला एवढं बरं वाटलं की मी रात्री जेवताना कुणी विचारलं नसताना सगळी कृती पुन्हा सांगितली.

तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या घरात लग्नाची मेंदी होती. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीची. ईदचा नवा कपड्यांचा जोडा मी अजून अंगाला लावला नव्हता. दुपारी मैत्रिणी बोलवायला आल्या आणि माझ्याकडे बघून नाकाला ओढणी लावून हसल्या. मी म्हटलं, पुढे व्हा, येते. त्या गेल्या आणि मला रडू आलं. धूर तर मरायलाच टेकला होता, मी फुंकणी घालून घालून थकले. मावशी म्हणाली होती संध्याकाळी सुटले की मी बसते, तोवर हलू नकोस. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या हातांवर मेंदी काढून होणार होती. आईला झोप लागली होती, औषधाची. मी काय विचार केला ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. धूरच तर हवा ना, मग एकदाच भरपूर धूर करून ठेवू, तासभर तरी पुरेल, तोवर मी केस धुऊन जाऊन येईन. कारखान्याच्या दारात वेस्टचं पोतं नेहमी असायचं. मी दोन हातांत मावेल एवढा वेस्ट उचलला, लाकडांच्या खाली कोंबला आणि वरून ओला कोंडा दाबला. काय धूर आला! जाड, गोळ्याच्या गोळ्याने वर जाणारा. काळा आहे हे मला दिसलं. दिसलं नाही असं मी आज म्हणू शकते, कोण पडताळणार आहे? पण दिसलं होतं. मी मनाशी म्हटलं, थोडा वेळ काळा, मग होईल पांढरा. केसांवरून पाणी घेतलं, जोडा घातला आणि गेले.

दोन्ही हात भरून मेंदी काढून घेतली. परत आले तेव्हा चंद्रामावशी तारेखाली उभी होती. लूमचा तेलाचा वास तिच्या नाकाला दिवसभर असायचा, म्हणून कांडीवर बसून तिला काही कळलं नव्हतं. तिने एक पट्टी काढली होती, गरम पाण्यात बुडवून चोळली होती, आणि तरीही पाण्यावर तेलाचा तवंग येत होता. एक कण तोडून जिभेला लावला आणि थुंकली. पट्ट्या काजळी धरून चकाकत होत्या. तिने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. "वेस्ट घातलास?" मी तारेकडे बघितलं. "किती घातलास?" मी मेंदीचे हात पुढे धरून उभी, तोंडात मिठाची गुळणी. मग ती जवळ आली आणि हळू म्हणाली, "भिऊ नको. शेठना तूच सांग. चुकला म्हन. पोर हाय, पयल्यांदा केलास, कोन मारनार हाय का तुला? मी हाय बाजूला." एवढी सरळ वाट तिने मला काढून दिली होती, नुसतं चालायचं होतं.

अब्बा आले ते फुफीच्या मागोमाग. फुफीला वास आला होता. तिने पट्टी हुंगली आणि जी सुरू झाली. मी आधीच सांगितलं होतं, कुर्बानीचं गोश्त परक्या हाती दिलं, त्यांना काय त्याची किंमत, अल्लाच्या नावाचं जनावर आणि त्याची ही माती. अब्बांनी तिला गप्प केलं नाही, कारण तेही हादरले होते. साधं मटण नासलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलं असतं. हे कुर्बानीचं होतं. ते फुकट जाणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि तो आपल्या घरात झाला याने त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. फुफीने मला विचारलं, "तू तर मेंदीला होतीस. आग चंद्राच्या हाती देऊन गेली होतीस ना?" मी मान हलवली. अब्बांनी विचारलं, "वेस्ट तिनं घातला?" नेमकी तेव्हाच लाईट गेली, सहाही लूम थांबले, कारीगर दारात येऊन उभे राहिले. त्या सगळ्यांसमोर मी दुसऱ्यांदा मान हलवली. तोंडाने एक शब्द बोलले नाही. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला हेच समजावत असे की मी खोटं बोलले नाही, बोललेच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, माझ्या तर दोन्ही हातांवर मेंदी होती.

चंद्रामावशीने माझ्याकडे एकदाच बघितलं. मग अब्बांना म्हणाली, "शेठ, मी न्हाय घातला. तीन दिस मी ह्याला लेकरासारखा जपला. पन पोर तुमची हाय, तुमी तिचाच आयकनार." रडली नाही, शपथ घेतली नाही. हातातली पट्टी पाटावर ठेवली, हात धुतले आणि अंजूरची वाट धरली. ते गोश्त अब्बांनी स्वतः मागे खड्डा खणून पुरलं, आणि दुसऱ्या दिवशी माती नीट बसली नाही म्हणून पुन्हा जाऊन दाबली.

मी आत गेले. आई जागी होती. दार उघडंच होतं, तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला खाटेवर बसवलं आणि मेंदी बघू म्हणाली. मी हात पुढे केले. मेंदी सुकून निघायला लागली होती, आणि माझ्या दहाही नखांमध्ये काळं तेल होतं. केस धुतले होते, नखांकडे लक्षच गेलं नव्हतं. आईने एकेक बोट धरून बघितलं. मग उशाची ओढणी घेतली, माझ्या हातांवर टाकली आणि म्हणाली, "जा, आतल्या मोरीत खोबरेल लावून धू. अब्बांच्या पुढे जाऊ नको आधी." बस, एवढंच. मला वाटलं आईने मला वाचवलं. आज वाटतं, त्या वेळी तिने एक थोबाडीत देऊन मला फरफटत अंगणात नेलं असतं तर किती बरं झालं असतं. पण लेकीची अब्रू आणि कामवाल्या बाईची अब्रू यात तिने लेकीची निवडली. कुठली आई दुसरं करेल? मीही आई झाले. मीही बहुतेक हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला तिच्यावर नीट रागावताही येत नाही.

भाऊ सोडे-जवळा घेऊन गेला. खोलीबद्दल अब्बांनी नाही म्हटलं नाही, "पुढं बघू" म्हटलं, आणि महिन्याभरात तिथे लूम दुरुस्त करणारा जॉबर राहायला आला. मंदाला द्यायची आठवीची पुस्तकं माझ्या फळीवर तशीच राहिली. चंद्रामावशी दिवाळीपर्यंत कांडीवर येत होती. यायची, मशीनवर बसायची, जायची. स्वयंपाकघरात डोकावायची नाही. आईने दोनदा चहा पाठवला, तो तिने घेतला आणि कप धुऊन परत केला. मी तिच्यासमोरून जाताना बाजूच्या भिंतीकडे बघायची. मग ती दुसऱ्या कारखान्यात गेली. आईचा पाय बरा झाला, पण तिने पुन्हा कधी तारा बांधल्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायची, आता फ्रिज आलाय ना.

मी पुढे शिक्षिका झाले. सातवीनंतर मुली शाळा सोडतात म्हणून आम्ही शिक्षिका घरोघर जायचो, आयाबापांना समजवायचो. या कामात माझं नाव होतं. बाई फार तळमळीने बोलतात, असं हेडमास्तर सांगत. तळमळ कसली, ते मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं. त्या तेवढ्या वर्षांत अंजूर माझ्यापासून रिक्षाने अर्ध्या तासावर होतं. मी वडप्यापर्यंत गेले, कशेळीला तर शंभर वेळा गेले, अंजूरला गेले नाही.

नातवाचा तो फोन आला आणि चौथ्या दिवशी मी रिक्षा केली. सूनबाईला म्हटलं, शाळेतली जुनी बाई आजारी आहे. या वयातही तोंडातून आधी खोटंच निघालं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी गोडाऊन, मध्येच एखादं भाताचं खाचर. विचारत विचारत घर सापडलं. चंद्रामावशी जाऊन बारा वर्षं झाली होती. मंदा ओट्यावर बसून मोडाचे वाल सोलत होती, केस सगळे पांढरे. मी नाव सांगितलं, तशी तिने ओळखलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. म्हणाली, "तुमी टीचर झालाव ना? आई सांगायची." गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम करून तिने तीन मुलं वाढवली होती, उभं राहून राहून गुडघे गेले होते. मी विचारलं, शाळेचं मग राहिलंच? ती वाल सोलत म्हणाली, "ऱ्हायला. तुमच्या शेठनी खोली देऊ केली व्हती, पन आईच न्हाय म्हनली. मना सांगितला, गाव सोडवत न्हाय. मी लय भांडले. चार दिस जेवले न्हाय. ती काय आयकना."

चहाचा कप माझ्या हातात होता. मंदा बोलत राहिली. "खरा सांगू का, बाई, तो राग माझ्या मनातून कवा गेलाच न्हाय. शेवटची दोन वर्सां आई हाथरुनात व्हती. सगला केला मी तिचा. खायला घातला, धुतला, पुसला. पन दोन शबूद गोड बोलले न्हाय. एकदा तं मी तोंडावर म्हनले, तुला तुझा गाव गोड वाटला, माझा जल्म गोडाऊनात गेला. ती भिंतीकडं तोंड करून पडली."

मी माफी मागायला गेले होते आणि तोपर्यंत मला वाटत होतं की मी कशाची माफी मागायची ते मला माहीत आहे. क्षणभर वाटलं, न सांगताच उठावं. सांगून तिचं काय भलं होणार? पण हे कारण मला फारच सोयीचं होतं, आणि सोयीची कारणं मी पंधराव्या वर्षापासून ओळखते. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मेंदी, वेस्ट, तिच्या आईने मला दिलेली वाट, माझी दोनदा हललेली मान, खोलीत आलेला जॉबर. एकही गोष्ट गाळली नाही. सून दारात उभी राहून ऐकत होती, मंदाने तिला आत जायची खूण केली.

मंदाचे वाल सोलायचे थांबले होते. मग म्हणाली, "म्हंजे आईला ठाव व्हता." मी हो म्हटलं. "आन तिनं मना सांगितला न्हाय. सांगितला आसता तं मी तुमच्या दारात येऊन तमाशा केला आसता, म्हनून आसंल." मी हात जोडले. म्हटलं, मंदा, मला माफ कर, मला उशीर झाला. तिने माझे जोडलेले हात धरून खाली केले, रागाने नाही, आपण एखाद्या म्हातारीचे करतो तसे.

"तुमी निदान माझ्याकडं तरी आलाव, बाई," ती म्हणाली. "मी आता कुनाकडं जाऊ?"